मासाई मारातला तंबू : कापडाची भिंत, कुंपण नाही, तरी रात्र सुरक्षित कशी?

ऑगस्ट २०२५ मध्ये केनियातल्या मासाई मारा राखीव क्षेत्रात, टांझानियाच्या सीमेलगत सँड रिव्हरच्या काठी, एका आंतरराष्ट्रीय हॉटेलसाखळीचा सफारी कॅम्प सुरू झाला. वीस आलिशान तंबू, प्रत्येकाला स्वतःचा छोटा पोहण्याचा हौद. त्याच महिन्यात मासाई या तिथल्या गुराखी जमातीतल्या एका संशोधकाने नारोक शहरातल्या न्यायालयात दावा दाखल केला, की हा कॅम्प प्राण्यांच्या स्थलांतराच्या वाटेवर उभा आहे. केनियाच्या वन्यजीव खात्याने ते नाकारलं. बातमी जगभर गेली आणि वाचणाऱ्यांच्या मनात दोन साधे प्रश्न उभे राहिले. तंबूत राहण्यासाठी माणसं एवढे पैसे का मोजतात? आणि सिंह, हत्ती, पाणघोडे मोकळे फिरतात त्या रानात कापडाच्या भिंतीआड झोप तरी कशी लागते?

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सुमारे सहा तासांचं. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत महाराष्ट्रातून मारात जाणाऱ्यांची संख्या चांगलीच असते. त्यामुळे हे प्रश्न आता हौशी चर्चेपुरते राहिलेले नाहीत. बुकिंग करण्याआधी त्यांची उत्तरं माहीत असलेली बरी.

तंबू कसा असतो

शाळेच्या सहलीतला किंवा ट्रेकचा तंबू आधी डोक्यातून काढून टाका. सफारी कॅम्पचा तंबू म्हणजे उभं राहून चालता येईल एवढी उंच कापडी खोली. लोखंडी किंवा लाकडी सांगाडा, त्यावर जाड सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कॅनव्हास, चारी बाजूंना बारीक जाळीच्या खिडक्या, जाळीवर आतून गुंडाळता येणारे कापडी पडदे आणि पुढे चेन असलेलं दार. जमीनही कापडाचीच आणि ती भिंतींना शिवून टाकलेली. साप, विंचू बाहेर ठेवण्याचं निम्मं काम ही शिवण करते. मागच्या बाजूला कापडी भिंतीपलीकडे संडास आणि न्हाणी. आत खरा पलंग, गादी, टेबल, दिवा.

मुख्य छताच्या वर हातभर अंतर सोडून दुसरं कापड ताणलेलं असतं. दिसायला ते सजावटीचं वाटतं, पण तंबू राहण्याजोगा होतो तो त्याच्यामुळे. पत्र्याच्या घरावर उन्हाळ्यात पाचट पसरतात, तसंच हे: ऊन वरच्या थराने खायचं, मधली हवा वाहती ठेवायची आणि खालचा थर तापू द्यायचा नाही. वरचं कापड सैल पडून खालच्याला टेकलं की दुपारी आत भट्टी होते आणि पावसात त्याच जागेतून पाणी झिरपतं. म्हणून कॅम्पची माणसं रोज दोऱ्या ताणत फिरताना दिसतात. भिजलेल्या सुती छताला आतून बोट लावू नका, हेही त्यातलंच. बोट टेकेल तिथून थेंब गळायला लागतात.

काही कॅम्प कायमचे असतात, लाकडी किंवा सिमेंटच्या चौथऱ्यावर. काही हंगामी असतात आणि मार्च ते मेच्या मोठ्या पावसात उतरवून ठेवले जातात. तेव्हा मारातली काळी माती इतकी चिकट होते की चारही चाकांना जोर असलेली गाडीसुद्धा रुतते. फिरते कॅम्प प्राण्यांच्या मागोमाग जागा बदलतात. जाहिरातीत सगळ्यांना एकच नाव असतं, म्हणून बुकिंग करताना कायमचा की हंगामी, एवढं तरी विचारून घ्या.

रात्री सिंह आत का येत नाही?

सिंहाला तंबू ‘आत माणूस असलेलं कापड’ असा दिसत नाही. त्याच्या नजरेला तो एक मोठा, न हलणारा, बंद ठोकळा असतो. सिंह हेरतो ती भक्ष्याची आकृती आणि हालचाल. बंद तंबूत दोन्ही दिसत नाहीत. या ठोकळ्यातून त्याला कधी खायलाही मिळालेलं नसतं, त्यामुळे तो फाडून पाहण्याचं कारण नाही. शिवाय मारातल्या सिंहांची गाठ पिढ्यान्‌पिढ्या भालेवाल्या मासाई गुराख्यांशी पडत आली आहे, आणि पायी चालणारा माणूस दिसला की ते सहसा बाजूला होतात.

पण ही सुरक्षितता कापडातून येत नाही. ती तीन अटींवर उभी आहे: दाराची चेन पूर्ण बंद, आत अन्न नाही आणि अंधारात एकट्याने बाहेर पाय नाही. आफ्रिकेत तंबूतल्या माणसांवर हल्ले झालेच नाहीत असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. उकडतं म्हणून दार उघडं टाकून झोपणं, उशाशी खाण्याच्या वस्तू ठेवणं, रात्री काळोखात चालत जाणं, ही त्यामागची ओळखीची कारणं आहेत. ‘चेन वीतभर उघडी राहिली तर काय होतं?’ हा प्रश्न हमखास येतो. सिंहाच्या आधी माकड येतं. व्हर्वेट माकडं आणि बबून भरदिवसा अर्धवट लावलेली चेन बोटांनी सरकवतात, मग औषधाच्या गोळ्यांपासून टूथपेस्टपर्यंत सगळं झाडावर जातं. चांगले कॅम्प दाराच्या दोन चेनच्या कड्यांत अडकवायला एक हूक देतात. तो शोभेसाठी नसतो.

खरी भीती बाळगायची ती पाणघोड्याची, हत्तीची आणि कळप सोडून एकट्या फिरणाऱ्या म्हाताऱ्या रानम्हशीच्या नराची. यांना तुमच्यात रस नसतो, पण वाटेत अचानक समोर आलात तर ते तुमच्यावर धावून येतात. पाणघोडा दिवसभर पाण्यात असतो आणि अंधार पडला की चरायला बाहेर निघतो. दीड टनाच्या आसपास वजन, तरी छोट्या अंतरात माणसापेक्षा जोरात पळतो. तो आणि नदी यांच्या मध्ये सापडणं ही सगळ्यात वाईट जागा. मारातले बहुतेक जुने कॅम्प नदीकाठीच आहेत, आणि तंबूंमधलं हिरवं गवत पाणघोड्याच्या दृष्टीने जेवणाचं ताटच.

म्हणून अंधार पडल्यानंतर चालण्याची शिस्त ठरलेली असते. संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला सूर्य मावळतो. मारा विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे ही वेळ वर्षभर फारशी बदलत नाही. त्यानंतर तंबूबाहेर पडायचं असेल तर व्हरांड्यात, पण दारापाशीच, उभं राहून टॉर्च दाखवायचा. अस्करी, म्हणजे कॅम्पचा रखवालदार, येऊन घेऊन जातो. तो पुढे, तुम्ही मागे, बोलणं कमी, टॉर्च जमिनीवर आणि झुडपांत. तो थांबला की थांबायचं, मागे सरका म्हणाला की वळून न पळता मागे सरकायचं. जेवण झाल्यावर तोच परत सोडतो. रात्री काही झालं तर तंबूत शिट्टी, भोंगा किंवा वॉकीटॉकी ठेवलेली असते. पहिल्या दिवशी कॅम्पवाले हे समजावून सांगतात, आणि नेमकं त्याच वेळी निम्मी मंडळी वाय-फायचा पासवर्ड विचारत असतात.

आवाजांविषयी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. शांत रात्री सिंहाची डरकाळी सात-आठ किलोमीटरवरूनही ऐकू येते. ती कानाशी वाटली म्हणून सिंह कानाशी असतोच असं नाही. याउलट तंबूला खेटून कचकच गवत तोडल्याचा आवाज आला तर पाणघोडा खरंच हाताच्या अंतरावर असू शकतो. तेव्हा करायचं काहीच नाही. पडून राहायचं.

मग कुंपणच का घालत नाहीत?

काही ठिकाणी घालतात. सेकेनानी आणि तालेक या दोन प्रवेशद्वारांबाहेर स्वस्त कॅम्पांची दाटी आहे, आणि त्यांतल्या काहींभोवती विजेच्या तारा आहेत. ज्यांना रात्री डोळाच लागणार नाही असं वाटतं त्यांनी तिथे राहायला काहीच हरकत नाही.

मात्र आतल्या कॅम्पांना कुंपण परवडत नाही, आणि प्रश्न पैशांचा नसतो. मारा हे टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला जोडलेलं गवताळ रान. साधारण जुलै ते ऑक्टोबर लाखो विल्डबीस्ट (कळपाने चरणारे, हरणासारखे मोठे प्राणी) आणि झेब्रे टांझानियातून इकडे येतात आणि परत जातात. त्यांच्या वाटा दरवर्षी पावसाप्रमाणे सरकतात. प्रत्येक कॅम्पने आपापलं आवार बंद केलं तर नदीकाठच्या सावलीच्या आणि पाण्याच्या जागा एकेक करून प्राण्यांच्या हातून जातील. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे: कुंपणात एखादा हत्ती किंवा रानम्हैस शिरली तर तिला बाहेरची वाट सापडत नाही. बिथरलेलं जनावर आत कोंडलेलं असणं हे मोकळ्या जनावरापेक्षा कितीतरी धोक्याचं.

ताडोब्याची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटतं. तिथे गाभा क्षेत्रात मुक्काम नसतो. सगळे रिसॉर्ट बाहेर, ठरलेल्या वेळी गेटमधून जिप्सी आत जाणार आणि बाहेर येणार. मारात राखीव क्षेत्राच्या आतच मुक्काम करता येतो, पहाटे तंबूतून निघालात की दहाव्या मिनिटाला सफारी सुरू. पण त्यामुळे माणसाचा वावर चोवीस तास आत असतो, आणि त्याची किंमत कोणीतरी चुकवत असतंच.

वीज, पाणी, जेवण

बहुतेक कॅम्प विजेच्या जाळ्यापासून दूर असतात. सौर पॅनेल, बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर यांवर सगळं चालतं. जोडीला डिझेलचा जनरेटर, तो दिवसातून ठरावीक तास. तंबूतला एक एलईडी दिवा पाच-सात वॉट घेतो, मोबाइलचा चार्जर वीसच्या आसपास. घरून नेलेली पाण्याची किटली दीड हजार वॉट घेते, केस वाळवायचं यंत्र त्याहूनही जास्त. दोन तंबूंत एकाच वेळी किटली लागली की इन्व्हर्टर बंद पडतो आणि अख्खी रांग अंधारात जाते. म्हणून मॅगीसाठी किटली नेऊ नका. मागाल तेव्हा गरम पाणी थर्मासमधून आणून देतात. केनियात तीन चौकोनी पायांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग चालतो, आपला गोल पायांचा त्यात बसत नाही, अडॅप्टर लागतो.

आंघोळीच्या दोन पद्धती. कायमच्या कॅम्पात सौर किंवा लाकडाच्या बंबावर तापवलेलं पाणी नळाने येतं. हंगामी कॅम्पात बादलीचा शॉवर: न्हाणीच्या मागे उंच खांबावर कप्पीने चढवलेली साधारण वीस लिटरची बादली किंवा पिशवी, तिला खाली तोटी. आंघोळीची वेळ आधी सांगायची. मग बाहेरून आवाज येतो, ‘माजी मोटो’, म्हणजे गरम पाणी आलं. आधी अंग ओलं करून तोटी बंद, साबण, मग पुन्हा पाणी, या क्रमाने वीस लिटरमध्ये आंघोळ नीट होते. तोटी सुरूच ठेवली तर केसातला शॅम्पू तसाच राहतो. बादली-तांब्याच्या सवयीच्या माणसाला हे काही शिकवावं लागत नाही. सांडपाणी शोषखड्ड्यात जातं आणि संडासाचं सेप्टिक टाकीत, म्हणून कागदाशिवाय काहीही आत टाकू नका. पिण्यासाठी नळाचं पाणी नको, गाळलेलं वेगळं ठेवलेलं असतं. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि जून २०२० पासून अभयारण्यांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवरही. स्टीलची बाटली न्या.

शाकाहाराची चिंता सहसा उगाच केली जाते. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले, मागोमाग व्यापारी गेले, आणि चपाती हा केनियाच्या रोजच्या जेवणाचा भाग होऊन बसला. डाळ, भाजी, चपाती हे बहुतेक कॅम्पच्या आचाऱ्यांना नीट जमतं. जैन जेवण किंवा उपवासाचं हवं असेल तर मात्र बुकिंगच्या वेळीच सांगा, कारण किराणा आणि भाजी नैरोबी किंवा नारोकहून गाडीने येते. आल्यावर साबुदाणा मागून मिळणार नाही. घरून नेलेले चिवडा, ठेपले, लाडू तंबूत ठेवायचे नाहीत. डब्यावर नाव घालून स्वयंपाकघरात द्या, चहाबरोबर ते आणून देतात. तुपातल्या बेसन लाडवाचा वास बबूनला तुमच्याआधी लागतो.

तंबूत उदबत्ती आणि डासांची कॉइल लावायची नाही. कॅनव्हास पेटला तर विझवायला मिनिटंही हाती राहत नाहीत. डासांसाठी अंगाला लावायचं मलम आणि पलंगाची जाळी पुरते. पावसात कधी सियाफू मुंग्यांची रांग तंबूकडे येते, त्या चावतात जोरात. कॅम्पवाले भोवती राख टाकून त्यांची वाट वळवतात. दिसल्या की हाक मारायची, पाणी ओतत बसायचं नाही. बूट व्हरांड्यात ठेवू नका, तरस चामडं चघळायला उचलून नेतं. आत ठेवलेलेसुद्धा सकाळी झटकूनच पायात घाला.

एवढे पैसे कशाचे?

इथे थोडं थांबावं लागेल, कारण बहुतेकांना वाटतं की आपण पलंग, जेवण आणि गाडीचे पैसे देतो. मोठा वाटा जमिनीचा आहे.

मासाई मारा राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं आणि नारोक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारच्या ताब्यातलं. परदेशी प्रौढाला २०२४ पासून प्रवेश शुल्क जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. नवरा-बायको ऑगस्टमध्ये तीन दिवस आत असतील तर नुसतं शुल्क १,२०० डॉलर, म्हणजे लाखाच्या वर रुपये. तंबू, जेवण, गाडी अजून मोजलेलंच नाही. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या बारा तासांचं. आत मुक्काम असेल तर निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडावं लागतं, नाहीतर आणखी एका दिवसाचं शुल्क. दुपारचं विमान घेतलेल्या जोडप्याला या एका नियमापायी ४०० डॉलरचा फटका बसू शकतो. निघण्याच्या दिवसाची वेळ कॅम्पला आधी विचारून मगच विमान ठरवा.

राखीव क्षेत्राच्या उत्तरेला आणि पूर्वेला कॉन्झर्व्हन्सी आहेत. कॉन्झर्व्हन्सी म्हणजे शेजारच्या मासाई कुटुंबांनी आपापल्या मालकीचे तुकडे एकत्र करून वन्यजीवांसाठी भाड्याने दिलेली जमीन. नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, ओल किन्येई ही त्यांतली मोठी नावं. सगळ्या मिळून त्यांचं क्षेत्र राखीव रानाच्या तोडीचं आहे. व्यवस्था आपल्याकडच्या खंडाने दिलेल्या शेतासारखीच: कॅम्पचालक जमीनमालकांना एकरामागे ठरलेली रक्कम देतात, पर्यटक आले काय न आले काय. बदल्यात मालक तिथे घर बांधत नाहीत, तारांचं कुंपण घालत नाहीत आणि गुरं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भागातच चारतात.

हे करावं का लागलं? केनियात १९७७ पासून शिकारीवर बंदी आहे आणि वन्यप्राणी सरकारच्या मालकीचे. स्वतःच्या जमिनीवर चरणाऱ्या झेब्र्यातून मासाई मालकाला एक शिलिंगही मिळत नाही, उलट सिंहाने गाय मारली की तोटा त्याचाच. सामायिक जमिनीच्या वाटण्या झाल्यावर प्रत्येकाला कुंपण घालून गुरं वाढवणं किंवा गहू पेरणाऱ्याला जमीन देणं जास्त फायद्याचं ठरू लागलं. भाड्याची रक्कम त्या हिशेबाला उत्तर आहे. भाडं थांबलं तर कुंपणं येतील, आणि कुंपणं आली तर राखीव क्षेत्रातलेही प्राणी टिकणार नाहीत, कारण ते वर्षातले बरेच महिने बाहेरच्या जमिनीवरच असतात.

आता यात तंबूंची संख्या येते. कॉन्झर्व्हन्सीत काही ठिकाणी दर ३५० एकरांमागे एक तंबू असा नियम आहे, काही ठिकाणी ७०० एकरांमागे एक. म्हणजे तुमच्या एका तंबूच्या भाड्यातून तेवढ्या जमिनीचा खर्च निघायला हवा. दर चढा असण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. त्या बदल्यात गर्दी नसते, रस्ता सोडून गाडी नेता येते, रात्रीची सफारी आणि गाइडबरोबर पायी फिरणं यांना परवानगी असते. राखीव क्षेत्रात यांतलं काहीच चालत नाही. मात्र नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टांची प्रसिद्ध दृश्यं तिथेच, मारा नदीवर. त्यामुळे दोन रात्री कॉन्झर्व्हन्सीत आणि एक दिवस आत, ही विभागणी खिशाला आणि डोळ्यांना दोन्हींना बरी पडते.

‘तंबू म्हणजे निसर्गाला त्रास नाही’ हे खरं का?

अर्धं खरं. पाया न खणलेला हंगामी कॅम्प उतरवला की दोन पावसांत ती जागा ओळखू येत नाही. पण वीस तंबूंना प्रत्येकी हौद, सिमेंटचे चौथरे आणि शंभरभर कर्मचाऱ्यांची वसाहत असेल तर वरचं छप्पर कापडाचं आहे की कौलाचं, याने नदीला काय फरक पडतो? पाणी तेवढंच उपसलं जातं, सांडपाणी तेवढंच मुरतं, जळण आणि ट्रकच्या फेऱ्या तेवढ्याच. २०२५ च्या वादाला स्थलांतराच्या वाटेपलीकडे हीही बाजू होती. माराच्या २०२३ ते २०३२ च्या व्यवस्थापन आराखड्यात नव्या पर्यटन बांधकामांना आळा घातला असताना परवानगी कशी मिळाली, हा विरोधकांचा प्रश्न होता. तो एका कॅम्पपुरता नाही.

भाडेव्यवस्थेतही खोट आहे. ती सगळी पर्यटकांवर टेकलेली. २०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा अनेक कॉन्झर्व्हन्सींत जमीनमालकांच्या भाड्यात कपात करावी लागली. तरी आजवर सुचलेल्या उपायांत कमी वाईट हाच, असं म्हणायला हरकत नाही. पर्यटकाच्या हातात एवढंच की पैसे देताना विचारावं: किती तंबू आहेत, जमीन कोणाची, भाडं कोणाला जातं, सांडपाणी कुठे जातं. ज्या कॅम्पकडे सांगण्यासारखं आहे ते लगेच सांगतात.

निघण्याआधीचे खरे खोळंबे

पहिला पिवळ्या तापाच्या लशीचा. ही लस केनियात शिरण्यासाठी नव्हे, भारतात परत येण्यासाठी लागते. केनियाहून परतताना प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ती फक्त सरकारमान्य केंद्रांत, ठरावीक वारी आणि आधी नाव नोंदवूनच मिळते, म्हणून महिनाभर आधी लागा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचंही तसंच. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे डास किनाऱ्यापेक्षा कमी, पण मलेरिया आहे. काही गोळ्या परतल्यावर आठवडाभर आणि काही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात, आणि घरी आल्यावर लोक नेमक्या त्याच बंद करतात.

दुसरा सामानाचा. नैरोबीहून माराला लहान विमान जातं, पाऊण तासात. तिथे हातातल्या पिशवीसकट माणशी १५ किलो, आणि तेही मऊ बॅगेत. विमानाच्या पोटातला कप्पा उथळ असतो, कडक ट्रॉली बॅग त्यात शिरत नाही. मग ती नैरोबीतच राहते. शिवाय मुंबईचं विमान उतरतं जोमो केन्याटा विमानतळावर आणि छोटं सुटतं विल्सनवरून. मध्ये नैरोबीची वाहतूक. दोन विमानांमध्ये चार तास ठेवा. मोटारीने गेलात तर नारोकमार्गे पाच-सहा तास लागतात, खर्च कमी आणि सामानाला बंधन नाही. चार-पाच जणांच्या कुटुंबाला तेच परवडतं. ई-प्रवेशपरवाना सरकारी संकेतस्थळावरूनच, निदान तीन दिवस आधी काढा. दलालांची हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं बरीच आहेत.

तिसरा कपड्यांचा. ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ या समजुतीने लोक फक्त टी-शर्ट नेतात. जुलै-ऑगस्टमध्ये रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, आणि पहाटे सहाला उघड्या गाडीत वारा झोंबतो. स्वेटर, कानटोपी, वाऱ्याचं जाकीट हवंच. कॅम्पवाले रात्री पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून जातात. अंधारात पायाला काहीतरी ऊबदार लागलं तर किंचाळण्याआधी हे आठवा. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, त्सेत्से नावाच्या चावऱ्या माश्या त्यांच्याकडे ओढल्या जातात.

लहान मुलं आणि आजी-आजोबा

कुंपण नसलेले अनेक कॅम्प पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, काही तर बारा वर्षांखालच्यांनाही नाही. मूल खेळता खेळता तंबूंच्या मध्ये पळालं तर अस्करीही काही करू शकत नाही, म्हणून ही अट. लहान मुलं बरोबर असतील तर कुंपण असलेला कॅम्प किंवा पक्क्या भिंतींचा लॉज निवडा. दोन किंवा तीन खोल्यांचे कौटुंबिक तंबूही मिळतात. त्यांत आई-वडील आणि मुलं यांच्यामध्ये आतूनच वाट असते, बाहेर पडावं लागत नाही.

ज्येष्ठांना तंबूत अडचण कमी येते, कारण संडास आतच असतो. त्रास गाडीचा. लँड क्रूझरची पायरी गुडघ्याएवढी उंच असते आणि खडबडीत वाटेवर तीन-चार तास कंबर हलते. मधली जागा मागा, मागच्या चाकावरची नको. जेवणाच्या तंबूला सगळ्यात जवळचा तंबू बुकिंगच्याच वेळी मागून ठेवा. काही कॅम्पांत शेवटचा तंबू तीनशे-चारशे मीटर दूर असतो, आणि ते अंतर रोज रात्री अस्करीच्या मागे टॉर्चच्या उजेडात कापायचं असतं.